कालनिर्णयाच्या पानावरचं भाकीत: हातचलाखी न येणाऱ्यांसाठी जादूचा एक प्रयोग

गणपतीत रात्रीची आरती झाली, भजन आटोपलं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा फिरला की कोकणातल्या घरात एक मोकळा तास मिळतो. मुंबईहून आलेले चाकरमानी, त्यांची पोरं, शेजारची म्हातारी माणसं अशी सगळी ओटीवर बसलेली असतात आणि झोपायला कोणी तयार नसतं. हा प्रयोग त्या तासासाठी उत्तम: दिनदर्शिकेच्या पानावरच्या तारखा लोक निवडतात, आणि त्यांची बेरीज तुम्ही आधीच चिठ्ठीत लिहून ठेवलेली असते. पत्ते लागत नाहीत, बोटांची सफाई लागत नाही आणि वीज गेली तरी कंदिलाच्या उजेडात होतो.

अशा प्रयोगांना जादूवाले ‘आपोआप होणारे’ म्हणतात, कारण काम आकडेच करतात. हे ऐकून नवखा माणूस सराव करत नाही आणि तिथेच फसतो. आकडे बिचारे चोख असतात. चुकते ती समोरच्याची बेरीज, वजाबाकी, नाहीतर ऐकलेली सूचना. पंधरा माणसांसमोर काकांनी हातचा विसरला की तुमचं भाकीत खोटं ठरतं, आणि ‘तुमची वजाबाकी चुकली’ असं काकांना सांगण्याइतकी वाईट जादू दुसरी नाही. म्हणून प्रयोग निवडताना मी एकच गोष्ट पाहतो: प्रेक्षक चुकला तर काय होईल? या परीक्षेत तारखांचा चौकोन सगळ्यात वर येतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

सामान

भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं एक पान, एक बॉलपेन, एक कोरा कागद, एक पाकीट. दिनदर्शिका कुठलीही चालेल, पण कोकणात बहुतेक घरी कालनिर्णय असतंच. ते १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच.

चालू वर्षाच्या पानावर मात्र पेन चालवू नका. त्या पानावर दुधाचे खाडे असतात, सिलेंडर लावल्याची तारीख असते, कोणाच्या तरी वर्षश्राद्धाची खूण असते. त्यावर काट्या मारल्या तर जादू बाजूला राहील आणि घरची बाई तुमची पूजा बांधेल. गेल्या वर्षीचं पान शोधा, पोरांच्या पुस्तकांना कव्हर घालून उरलेलं एखादं निघतंच. नाहीच मिळालं तर सोळा तारखा कोऱ्या कागदावर उतरवून घ्या.

पाकिटाबद्दल एक सूचना. भाद्रपदातली हवा इतकी दमट असते की डिंकाची पाकिटं ठेवल्याजागी आपोआप चिकटतात. आदल्या दिवशी दुकानातून आणलेलं पाकीट ऐनवेळी उघडत नाही. साधी चिठ्ठी चार घड्या करून स्टेपलर मारलात तरी पुरे. स्केचपेनही टाळा, ओलसर कागदावर शाई फुटते आणि ५ आहे की ६ यावर वाद सुरू होतो.

प्रयोग, पायरीपायरीने

उदाहरण म्हणून २०२६ च्या सप्टेंबरचं पान घेऊ. १ तारीख मंगळवारी येते. कालनिर्णयात वार डाव्या बाजूला वरून खाली असतात आणि आठवडे उभे जातात. तुमच्याकडची दिनदर्शिका उलट मांडणीची असली तरी काही बिघडत नाही.

१. एखाद्याला पेन देऊन सांगा, ‘या पानावर चार बाय चारचा कुठलाही चौकोन आखा. सोळाही घरांत तारीख हवी, रिकामं घर नको.’ समजा, वहिनींनी बुधवार ते शनिवार असा चौकोन आखला:

२  ९  १६  २३
३  १०  १७  २४
४  ११  १८  २५
५  १२  १९  २६

काही महिन्यांत शेवटच्या ३०, ३१ तारखा जागा नसल्यामुळे पहिल्याच उभ्या ओळीत छापलेल्या असतात. त्या चौकोनात येता कामा नयेत, एवढं मात्र बघा.

२. आता तुमचं एकमेव गुपित काम. चौकोनातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी तारीख मनात मिळवा आणि दुप्पट करा. २ आणि २६ मिळून २८, त्याची दुप्पट ५६. हे करताना पानाकडे टक लावून बघू नका. एक नजर टाका आणि लगेच माणसांकडे वळा: ‘तारखा कोण कोण निवडणार?’ तीन जण नक्की करा. नावं विचारता विचारता बेरीज होऊन जाते.

३. पाठ फिरवून चिठ्ठी लिहा. नुसता आकडा कोरडा वाटतो. ‘वहिनी, बंड्या आणि काका मिळून ५६ करतील’ असं लिहा आणि खाली धनादेशावर लिहितात तसं अक्षरीही लिहा: छप्पन्न. चिठ्ठी बंद करून ओटीवरच्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात द्या. आजोबांच्या मुठीतल्या चिठ्ठीवर कोणी संशय घेत नाही, आणि ती मध्येच उघडून बघण्याची हिंमतही कोणी करत नाही.

४. वहिनींना हवी ती तारीख निवडू द्या. समजा, १७. तिला गोल करा आणि त्याच आडव्या ओळीतल्या (३, १०, २४) व त्याच उभ्या ओळीतल्या (१६, १८, १९) तारखा खोडा.

५. उरलेल्यांतून बंड्या निवडतो ५. गोल करा. तिच्या आडव्या-उभ्या ओळीतल्या अजून शाबूत असलेल्या १२, २६, २ आणि ४ खोडा.

६. आता चारच उरल्या: ९, २३, ११, २५. काका २५ घेतात, ११ आणि २३ जातात. शेवटी ९ उरते. ती आजोबांच्या नावावर गोल करा.

७. गोल केलेल्या चार तारखांची बेरीज दोघांना वेगवेगळी करायला सांगा. त्यातला एक दुकानदार किंवा बँकेतला असेल तर उत्तम. १७, ५, २५, ९. दोघांनी मोठ्याने ‘छप्पन्न’ म्हटल्यावरच आजोबांना चिठ्ठी उघडायला सांगा. तुम्ही तिला हात लावू नका.

कुठे फसतं

या प्रयोगाची खरी सोय अशी की भाकीत आधीच आजोबांकडे गेलेलं असतं, त्यामुळे पुढे तुम्ही उघडपणे बघू शकता. पाठ फिरवून, डोळे बांधून बसायची गरज नाही. चौथ्या ते सहाव्या पायरीपर्यंत पेनवाल्याच्या शेजारी उभे राहा. नव्वद टक्के घोटाळे खोडण्यात होतात: आडवी ओळ खोडली आणि उभी राहिली, किंवा गोल केलेली तारीखच खोडली. म्हणून पेन एकाच माणसाच्या हातात ठेवा. सहावी-सातवीतलं पोर या कामाला मोठ्यांपेक्षा बरं, ते सूचना ऐकतं. मोठी माणसं ‘कळलं कळलं’ म्हणतात आणि भलतंच करतात.

दोन बेरजा जुळल्या नाहीत तर शांतपणे म्हणा, ‘परत एकदा करा, तिसऱ्यालाही द्या.’ ‘छप्पन्न यायला हवेत’ हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. दोघं भांडू लागली तर भांडू द्या. तेवढी उत्सुकता वाढते, आणि चार लहान संख्यांची बेरीज आज ना उद्या बरोबर येतेच.

मुंबईहून इंजिनिअरिंगचा एखादा भाचा आलेलाच असतो. तो म्हणतो, ‘मामा, परत करून दाखवा.’ या प्रयोगात तुम्ही त्याला एकदा हो म्हणू शकता. चौकोन बदलला की बेरीज बदलते. याच पानावर रविवार ते बुधवार असा चौकोन घेतला (६ पासून ३० पर्यंत) तर ७२ येईल. पण तोच चौकोन दुसऱ्यांदा घेऊ देऊ नका. वेगळ्या तारखा निवडूनही ५६ च आले की भाच्याला पुढचं सांगावं लागत नाही. आणि तिसऱ्यांदा करायचंच नाही.

असं का होतं

लोकांना वाटतं, तारखा त्यांनी मनाने निवडल्या. निवडल्याच. पण खोडण्याच्या नियमामुळे प्रत्येक आडव्या ओळीतून एक आणि प्रत्येक उभ्या ओळीतून एक, याहून वेगळी निवड त्यांना करताच येत नाही.

आता वरच्या चौकोनातली पहिली ओळ बघा: २, ९, १६, २३. दुसरी ओळ म्हणजे याच तारखा अधिक १, तिसरी अधिक २, चौथी अधिक ३. चारही उभ्या ओळींतून एकेक तारीख घेतली की २ + ९ + १६ + २३ म्हणजे ५० आलेच. चारही आडव्या ओळींतून एकेक घेतली की त्यावर ० + १ + २ + ३ म्हणजे ६ चढले. झाले ५६. कुठली तारीख कोणत्या क्रमाने घेतली याने तसूभरही फरक पडत नाही. आठवडा सात दिवसांचा असल्यामुळे कुठल्याही महिन्यात, कुठल्याही चौकोनात हेच चालतं, आणि लहान-मोठ्या कोपऱ्याच्या बेरजेची दुप्पट हा त्याचाच शॉर्टकट.

बोलायचं काय

आकड्यांच्या जादूत शांतता पसरली की लोक हिशेब करायला लागतात, म्हणून तोंड चालू हवं. दक्षिण कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, तयार मसाला आहे: गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. प्रत्येक खोडणीला गाऱ्हाण्याच्या सुरात म्हणा, ‘बा देवा म्हाराजा, वयनीन आज सतरा तारीख धरल्यान, तर तेच्या आडव्या-उभ्या रांगेतल्या सगळ्या तारखांका आज सुट्टी दी रे म्हाराजा!’ ओटीवरून ‘व्हय म्हाराजा!’ आल्याशिवाय राहत नाही. तीन खोडण्या, तीन वेळा घोष, आणि त्या गलक्यात ओळींकडे कोणाचं लक्ष राहत नाही.

घर बघून करा. काही वडीलधाऱ्यांना गाऱ्हाण्याची थट्टा आवडत नाही आणि त्यांच्या घरात त्यांचा शब्द खरा. देवासमोर तर नकोच, ओटीवर किंवा खळ्यात ठीक. रायगड, पालघरकडे हा सूर तितकासा लागणार नाही, तिथे तिथली बोली वापरा. आणि कौलाशी याचा संबंध जोडू नका. देवळात पाकळ्या लावून कौल मागणाऱ्या माणसाच्या मनात ती गंभीर गोष्ट असते. तुमची चिठ्ठी खेळातली आहे, हे सुरुवातीलाच हसत सांगितलेलं बरं.

आधीच बंद केलेली चिठ्ठी: स्वतःचा चौकोन

तारखांच्या चौकोनात चिठ्ठी चौकोन आखल्यावर लिहावी लागते. आठवडाभर आधी बंद करून ठेवलेली चिठ्ठी हवी असेल तर चौकोन स्वतः बनवा. घरी आजोबांची पंचाहत्तरी असेल तर याहून चांगली भेट नाही: कोणीही कसेही आकडे निवडा, बेरीज ७५.

कृती सोपी आहे. बेरीज ७५ होईल अशा आठ संख्या घ्या. चार वर आडव्या लिहा, चार डावीकडे उभ्या. मी घेतो वर १२, १, २०, ८ आणि डावीकडे १०, १, १९, ४. प्रत्येक घरात त्याच्या वरची आणि डावीकडची संख्या मिळवून लिहा:

२२  ११  ३०  १८
१३  २  २१  ९
३१  २०  ३९  २७
१६  ५  २४  १२

आता बाहेरच्या आठ संख्या पुसून टाका, किंवा त्यांच्याशिवाय चौकोन नव्या जाड कागदावर उतरवा. उरलेल्या सोळा आकड्यांत कसलीही संगती दिसत नाही. खोडण्याची रीत तीच. कर्णावरचे चार घेऊन बघा: २२ + २ + ३९ + १२. दुसऱ्या कर्णावरचे: १८ + २१ + २० + १६.

दोन पथ्यं पाळा. आठ संख्या चढत्या क्रमाने लिहू नका, नाहीतर आकडे डावीकडून उजवीकडे वाढत जातात आणि हुशार पोराला ओळ सापडते. आणि कोणताही आकडा चौकोनात दोनदा येत नाही ना, ते तपासा. दोनदा आला तर गणित मोडत नाही, पण ‘यातला कुठला २२?’ असा प्रश्न येतो आणि पेनवाला गडबडतो. आला तर आठपैकी दोन संख्या इकडच्या तिकडे करा, एक वाढवली की दुसरी तेवढीच कमी.

हा चौकोन एका समारंभात एकदाच. बेरीज ठरलेली असल्यामुळे दुसऱ्यांदा केलात की संपलं.

रात्र मोठी असेल तर: कापरेकरांचा ६१७४

दुसरा प्रयोग किनाऱ्याच्या उत्तर टोकाचा म्हणता येईल. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर होते आणि संख्यांशी खेळण्यात रमायचे. ६१७४ या संख्येचा गुण त्यांनी १९४९ साली दाखवला आणि ती आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

चिठ्ठीवर आधीच ६१७४ लिहून ती बंद करा. मग कोणाच्या तरी स्कूटरचा नंबर घ्या. एमएच ०७ असो वा ०८, पुढचे चार अंक हवेत, आणि चारही सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान, आणि मोठीतून लहान वजा करा:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे तेच केलं की पुन्हा ६१७४ च येतात: ७६४१ − १४६७. कुठल्याही नंबरपासून निघालात तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथे पोचता. ३५२४ ला तीनच लागल्या, ४७३१ ला पुरत्या सात लागतात.

वजाबाक्या इतक्या म्हटल्यावर हा प्रयोग माझ्या परीक्षेत नापास व्हायला हवा. होत नाही. कारण मध्ये कुठे वजाबाकी चुकलीच तर चुकीचं उत्तरही चार अंकीच असतं, आणि चारही अंक सारखे नसले तर त्या चुकीच्या संख्येपासूनही वाट ६१७४ कडेच जाते. फक्त काही पायऱ्या वाढू शकतात. म्हणून ‘सात वेळा करा’ असं कधी सांगू नका. ‘तेच उत्तर परत येईपर्यंत करत राहा’ असं सांगा, म्हणजे चूक आपोआप जिरते. जपायचं ते शून्याला. ३०८७ मधला शून्य लहान संख्येत पुढे येतो, लोक तो सोडून देतात. आणि वजाबाकी ९९९ आली तर ती ०९९९ अशी लिहायला लावा. मोबाईलवर कॅल्क्युलेटर असला तरी अंक लावायचं काम कागदावरच ठेवा.

यापेक्षा प्रसिद्ध प्रयोग १०८९ चा: तीन अंकी संख्या, ती उलटी करून वजाबाकी, आलेलं उत्तर उलटं करून बेरीज. दोनच पायऱ्या, म्हणून सगळे तोच शिकवतात. मला तो आवडत नाही. तिथे एक हातचा चुकला की चूक शेवटपर्यंत जाते, आणि निम्म्या लोकांनी तो शाळेतच पाहिलेला असतो.

दुसऱ्या दिवशी

प्रयोग रंगला तर सकाळी चहाच्या टपरीवर कोणीतरी बाजूला घेऊन विचारतोच, ‘आजचो आकडो काय रे?’ हसण्यावारी नेऊ नका. मटक्यावर पैसे लावणारा माणूस तुमच्या चिठ्ठीवर खरोखर विश्वास ठेवू शकतो. त्याच्यासमोर चौकोन काढा आणि ५० अधिक ६ चा हिशेब उलगडून दाखवा. रहस्य फुटेल, फुटू द्या.

बाकीच्यांना, ‘कसं केलंस?’ म्हणणाऱ्यांना, लगेच सांगायची गरज नाही. पोरं मागे लागली तर त्यांना तीन बाय तीनचा चौकोन शिकवा. तीन तारखा निवडायच्या, खोडायची रीत तीच, आणि भाकीत म्हणजे मधल्या तारखेची तिप्पट. तिसरीतल्या मुलालाही हे मनात जमतं, आणि पुढच्या वर्षी ओटीवर तुमच्याऐवजी तेच उभं राहतं.